इतिहासाच्या एका जागेसाठी

परवा माझ्या भावाच्या मुलीचा फोन आला. ती महादेवपुऱ्याला एका मोठ्या काचेच्या इमारतीत काम करते. काय काम करते ते तिनं मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा मला कळलेलं नाही. म्हणाली, "आत्या, मला हे सगळं सोडून शाळेत हिस्टरी शिकवायची आहे. त्याची प्रोसेस काय असते गं?" प्रोसेस!  इतिहास शिकवायला कसं जायचं हे मला विचारणं म्हणजे चार वेळा रस्ता चुकून पोचलेल्या माणसाला पत्ता विचारण्यासारखं आहे. पोचले मी, हे खरं. पण ज्या दारातून पोचले ते दार कुठल्याही माहितीपत्रकात सापडायचं नाही. तिला म्हटलं, लिहून पाठवते. लिहायला बसले आणि तिच्या उपयोगाचं एक वाक्यही लिहून झालं नाही, कारण जुना संताप वर आला. तीस वर्षं होत आली, तरी तो तसाच गरम आहे.

आमचं घर कब्बनपेटेतल्या अशा गल्लीत होतं, की समोरून ऑटो आली तर सायकलवाल्याला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहावं लागे. पुढच्या खोलीत अप्पांचं शिलाईचं दुकान आणि मागं आम्ही. अप्पा शाळांचे युनिफॉर्म शिवायचे. खाकी, निळा, मरून, आणि एका कॉन्व्हेंटचा असा एक हिरवा, जो देवानं कुठल्याही झाडाला दिलेला नाही. चार मशिनं, दोन कारागीर, आणि शेजारच्या घरातून दिवसभर येणारी मागांची खटखट. ती खटखट मध्येच थांबली की करंट गेला हे बघायला दिव्याकडं पाहावं लागत नसे. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं होतं, की शेजारच्या बँकेत बदलून आलेल्या एक पुणेकर बाई माझं बोलणं ऐकून "किती गोड बोलता हो तुम्ही" म्हणायच्या आणि मला त्यांच्या गोडाचा संताप यायचा. एप्रिलपासून जूनपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसे. जेवायला बसलं तर भाताच्या ताटात दोऱ्याचा तुकडा निघे, हुळीच्या, म्हणजे आमटीच्या, वाटीत निघे, आणि आई म्हणे, "सरी, असू दे, उचलून टाक नि जेव. पोट शिवून निघत नाही त्यानं."

या घरात मला एकच गोष्ट करायची बंदी होती. मशिनला हात लावायचा नाही. पायडलवर पाय गेला तरी अप्पा आतून ओरडायचे. त्यांच्या आईनं मशिनवर वाकून वाकून पाठ घालवली होती, बहिणींनी डोळे घालवले होते, आणि आपल्या मुलीनं बसायचं ते खुर्चीवर आणि समोर पुस्तक, असं त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. त्यामुळं शिंप्याची पोर असून मला सुईत दोरासुद्धा नीट ओवता येत नसे. गल्लीतल्या बायका हसायच्या. अप्पांना त्याचा अभिमान वाटायचा.

बी.ए.ला मी इतिहासात पहिल्या वर्गात आले, तेव्हा अप्पांनी कारागिरांना म्हैसूरपाक वाटला आणि भर दुकानात विचारलं, "पुढं काय करायचं म्हणतेस?" मी म्हटलं, "हायस्कुलात इतिहास शिकवणार." इथं माझी पहिली चूक झाली. ठरवण्यात चूक नव्हती, दुकानात बोलण्यात होती. कारण अप्पांना एक असाध्य रोग होता, दुसऱ्याला मदत करण्याचा. शाळांचे हेडमास्तर, क्लार्क, पीटी मास्तर, सगळे युनिफॉर्मच्या निमित्तानं दुकानात यायचे, आणि अप्पा गळ्यातली टेप काढून छाती मोजता मोजता त्यांना विचारायचे, "आमच्या सुनंदाला हिस्टरी टीचर व्हायचंय. कसं व्हायचं?" छातीभोवती टेप असलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. तो काहीतरी सांगतोच.

एक हेडमास्तर म्हणाले, "बी.ए.ला कशाला घातलं? पी.यू.सी.नंतर, बारावी झाल्या झाल्या, मास्तरकीचं टी.सी.एच. केलं असतं तर एव्हाना प्रायमरीत पर्मनंट झाली असती." म्हणजे तीन वर्षं पाण्यात. एका कॉलेजच्या लेक्चररनी सांगितलं, हायस्कूल हे शिकवण्याचं ठिकाणच नाही, एम.ए. करा, मग नेटची परीक्षा द्या, मग बघू. एका कॉन्व्हेंटचे क्लार्क म्हणाले, इतिहास कुणीही शिकवतं, आमच्याकडं तो पीटीचे सर शिकवतात, मुलीचं इंग्लिश कसं आहे ते बोला. शेजारचे मागवाले रंगण्णा तर रोज सकाळी दारातून डोकावून म्हणायचे, "हिस्टरी बेडा, अम्मा, नको. कंप्यूटर, कंप्यूटर." उचलली जीभ लावली टाळ्याला! अप्पा हे सगळं इमानेइतबारे कापडाच्या मापाच्या वहीत लिहून ठेवायचे आणि संध्याकाळी मला वाचून दाखवायचे. कमर तीस, उंची एकोणचाळीस, आणि खाली, एम.ए. नंतर नेट. मी ओरडायची, "अप्पा, कुणालाही विचारू नका!" ते म्हणायचे, "विचारलं म्हणून आपलं काय गेलं?" माझी झोप गेली होती, पण ती त्यांच्या मापात बसत नव्हती.

शेवटी मी एकटीच बी.एड.चा फॉर्म आणायला गेले. खिडकीपलीकडच्या क्लार्कनी माझी मार्कशीट बघितली आणि विचारलं, "दोन मेथड लागतात. शाळेत शिकवायचे दोन विषय. एक हिस्टरी. दुसरा?" मी म्हटलं, समाजशास्त्र. ते म्हणाले, हायस्कुलात समाजशास्त्र कुठं असतं? भूगोल होता का? नव्हता. मग उपयोग नाही, सरका. मी सरकले नाही. मागच्या रांगेनं मला शिव्या दिल्या तरी नाही. मार्कशीट मी त्यांच्या नाकाशी धरली आणि तिसरा विषय दाखवला, ऐच्छिक कन्नड. तो मी घेतला होता कारण त्याचा तास सकाळी असायचा आणि दुपार मोकळी मिळायची, दुसरं काही कारण नव्हतं. क्लार्कनी फॉर्मवर माझी मातृभाषा वाचली. "मराठी? आणि कन्नड शिकवणार?" मी म्हटलं, "सर, आम्ही तुमच्या आधीपासून इथं आहोत." ते हसले नाहीत, पण फॉर्म दिला. दुपारच्या मोकळ्या वेळानं माझं आयुष्य वाचवलं. असल्या गोष्टी पोरीबाळींना मार्गदर्शन म्हणून कशा सांगायच्या?

बी.एड.चं वर्ष म्हणजे वह्यांचं वर्ष. एकेका पाठाचं टाचण काढायचं, त्यात रकाने आखायचे. शिक्षकानं काय करायचं, मुलींनी काय करायचं, फळ्यावर काय लिहायचं, आणि शेवटी गृहपाठ. मुलींनी काय उत्तर द्यायचं तेसुद्धा आपणच आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. आमच्या मेथडच्या वसुंधरा मॅडमचा टाचणावर देवावर नसेल इतका विश्वास होता. मी घरी आईपुढं पाठाचा सराव करायची. थंडीचे दिवस, घरभर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा वास, आणि आई भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सालातून फटाफट उडवत बसलेली. मी प्रश्न विचारला की ती मान वर न करता म्हणायची, "गोत्तिल्ला." माहीत नाही. दुसरा प्रश्न, गोत्तिल्ला. "आई, निदान एकाचं तरी उत्तर दे!" "अय्यो, मला ठाऊक असतं तर तू शिकवतेस कशाला? सुम्ने, उगीच बडबड नको, हे पातेलं धर." नकाशा काढायला मात्र अप्पा धावले. मी नको म्हणत असताना त्यांनी उरलेल्या तुकड्यांचा दक्षिण हिंदुस्थान शिवला. विजयनगर मरून, बहामनींची पाच राज्यं खाकी आणि निळी, समुद्र त्या कॉन्व्हेंटच्या हिरव्याचा. मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, साधन चार्टपेपरवरच हवं. मी हट्टानं कापडाचाच नेत राहिले, कारण तो बसमध्ये चुरगळत नसे.

डिसेंबरातच मॅडमनी आम्हाला दार लावून एक गोष्ट सांगितली. वर्षअखेरीच्या परीक्षेच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येऊन वर्गात शेवटच्या बाकावर बसतात. त्यांना मुलींचे चेहरे दिसत नाहीत, दिसतात ते हात. तेव्हा प्रश्न विचारला की वर्गातले सगळेच्या सगळे हात वर गेले पाहिजेत. उत्तर येतं तिनं उजवा करायचा, येत नाही तिनं डावा. आपण उजव्या हातालाच विचारायचं. मी म्हटलं, "मॅडम, हे बरोबर आहे का?" त्या म्हणाल्या, "सुनंदा, तुला शिकवायचंय की वाद घालायचाय?" ही त्यांची युक्ती नव्हती. त्यांना त्यांच्या मॅडमनी सांगितली होती, आणि आमच्या आधीच्या सगळ्या वर्षांनी ती सांभाळून पुढं दिली होती. घरी मी अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही पण ट्रायलला कच्चा टाका घालतो. पण तो कच्चा आहे हे गिऱ्हाइकाला दिसतं." मी विषय वाढवला नाही, कारण मला पास व्हायचं होतं.

नुसतं पास होऊन भागणार नव्हतं. अप्पांच्या रोगानं एकदाच गुण दाखवला होता. ज्या मुलींच्या हायस्कूलचा मरून युनिफॉर्म ते शिवायचे, तिथले इतिहासाचे मास्तर जूनमध्ये रिटायर होणार होते. हेडमास्तरांनी कोटाचं माप देता देता शब्द दिला होता, "प्रॅक्टिकलला फर्स्ट क्लास आणा, जागा तुमच्या मुलीची." घरापासून चालत दहा मिनिटांवर, माझा विषय, हायस्कूलचे वर्ग. मी त्या शाळेवरून मुद्दाम लांबचा फेरा घालून जायची आणि खिडक्या बघायची. तिसरी खिडकी, वरचा मजला, तो इतिहासाचा वर्ग असं मी मनाशी धरून चालले होते. सरकारी यादीत नंबर लागायला किती वर्षं लागतील हे कुणीच सांगत नव्हतं, आणि आई आता अधूनमधून पगार कधी सुरू होणार ते विचारायला लागली होती. ती एक जागा, एवढंच माझ्यापुढं होतं.

परीक्षेचा पाठ आनेकलच्या एका हायस्कुलात लागला. नकाशाची गुंडाळी काखेत मारून मी मार्केटमधून बस धरली आणि तासाभरात तिथं पोचले. नववीचा वर्ग, चाळीसएक मुली, निम्म्यांचे वडील शेतावर आणि निम्म्यांचे कारखान्यात. दोन आठवडे मी त्यांनाच शिकवत होते, हातांची तालीमही झाली होती. मागच्या बाकावर परीक्षक, पांढरे केस, काळा कोट, मांडीवर फाईल. त्यांच्या शेजारी वसुंधरा मॅडम. विषय, विजयनगरचा शेवट. मी नकाशा टांगला, त्या शहरातला बाजार कसा होता ते सांगितलं, लढाई सांगितली, आणि टाचणात लिहिलेला पहिला प्रश्न विचारला, "यानंतर राजधानी कुठं हलवली?" चाळीस हात फटकन वर गेले. मी उजवे हात शोधले. माझ्या उजव्या बाजूला दिसणारे. इथं मी माती खाल्ली. समोर तोंड करून बसलेल्या मुलीचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला येतो, हे मला तालमीत रोज बरोबर कळायचं, कारण तालमीत मागच्या बाकावर काळा कोट नसायचा.

"मंजुळा, तू सांग," मी म्हटलं. तिसऱ्या बाकावरची ती तेलानं चप्प दोन वेण्या घातलेली मुलगी उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वर केलेल्या आपल्या हाताकडं पाहिलं, आणि मला मदत करायच्या हेतूनं, अगदी हळू, पण मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "मिस, हा डावा आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षकांचं पेन थांबलं. मॅडम छताकडं बघायला लागल्या. मी लगेच दुसरीला उठवू शकले असते, तिनं "पेनुकोंडा" म्हटलं असतं आणि गाडी पुढं गेली असती. पण मला राग आला. मंजुळाचा नाही. टाचणाचा, रकान्यांचा, खिडकीतल्या क्लार्कचा, रंगण्णांच्या कंप्यूटरचा, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा. मी म्हटलं, "डावा तर डावा. तुला काय कळलं नाही ते सांग." तिनं वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाली, "राजधानी हलली ते तुम्ही परवाच सांगितलं होतं, मिस, गावाचं नाव तेवढं विसरले. पण एवढा मोठा बाजार होता म्हणालात ना? राजे हत्तीवरून गेले. बाजारातली माणसं कुठं गेली?"

हे टाचणात नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही. पण आमच्या घरातलं एक सांगते." आमचे पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेच्या मागून तंबू शिवायला म्हणून या मुलखात आले, असं अप्पा सांगतात. पुढं फौज निघून गेली. शिंप्यांना कुणी या म्हणालं नाही, म्हणून ते राहिले. राजांच्या मागून नेहमी अशी माणसं चालत असतात आणि राजा पुढं गेला की ती जिथं काम मिळेल तिथं बसतात, त्यांचं नाव कुठं लिहिलेलं नसतं. "तुमच्या घरी काय सांगतात?" असं मी विचारलं आणि मग वर्ग माझ्या हातात राहिला नाही. एकीच्या घरी माग होता आणि आजी म्हणायची की आपण नदीपलीकडून आलो. एकीचे पणजोबा चुन्याची भट्टी लावायचे. एक मुलगी उठून म्हणाली, आमच्या घरी काहीच सांगत नाहीत, मी आज विचारते. कुणीही हात वर करत नव्हतं, सगळ्या एकदम बोलत होत्या. फळ्यावर सारांश लिहायचा राहिला, गृहपाठ राहिला, आणि घंटा झाली.

तोंडी परीक्षेला परीक्षकांनी मला समोर बसवलं. मॅडम बाजूलाच होत्या. "हे डावं-उजवं मुलींना तुम्ही सांगितलं?" मॅडम आता नोटीस बोर्ड वाचत होत्या. त्यावर काहीही लावलेलं नव्हतं. मी म्हटलं, "हो सर, मीच." ते फाईल चाळता चाळता म्हणाले, "आमच्या वेळी मूठ आणि पंजा होता. येत असेल तर पंजा, नसेल तर मूठ. त्यात घोटाळा होत नाही." मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी चष्मा काढला. "त्याचे मार्क मी कापत नाही. तुमचा पाठ चांगला झाला, बाई. पण पूर्ण झाला नाही. टाचणातले शेवटचे तीन भाग झालेच नाहीत. त्याचे मार्क मी कुठून देऊ?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आज मी स्वतः परीक्षक असते तर मलाही देता आले नसते. वर्षभरात मी खरोखर शिकवलं ती फक्त तेवढी पंधरा मिनिटं, आणि नेमक्या त्याच पंधरा मिनिटांनी माझा फर्स्ट क्लास गेला. मूर्खपणा म्हणायचा तर कुणाचा म्हणायचा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

निकाल लागला. प्रॅक्टिकलला सेकंड क्लास. मी हजार वेळा नको म्हणत असताना अप्पा हेडमास्तरांना भेटायला गेले आणि दुपारी परत आले ते सरळ मशिनवर बसले. जेवले नाहीत. आईनं त्यांच्याकडून एकेक शब्द ओढून काढला. इतिहासाची जागा एका फर्स्ट क्लासवाल्या गृहस्थांना गेली होती. पण शिवणाच्या बाईंच्या नवऱ्याची हुबळीला बदली झाली होती, ती जागा रिकामी होती, आणि हेडमास्तर मोठ्या मनानं म्हणाले होते, "शिंप्यांची मुलगी. तिला काय, डोळे मिटून जमेल."

"मग?" आई म्हणाली. "जाऊ दे तिला. शाळा तीच ना? पगार लागतो ना?"

अप्पा ताडकन उठले. "तिला मी मशिनवर बसू दिलं नाही. वीस वर्षं! आणि आता शाळेत जाऊन तिनं काज करायला शिकवायचं? त्यापेक्षा इथं बसली असती."

"ती काय काज करणार," आई म्हणाली, "तिला बटणसुद्धा लावता येत नाही."

ते दोघं भांडत राहिले आणि मी मध्ये उभी. इतिहासासाठी नालायक ठरले होते आणि शिवणासाठी लायक ठरले होते ते फक्त आडनावावरून. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आणि ते धुपाटणंही मला धरता येत नव्हतं. पण त्या शाळेच्या आत जायचा दुसरा रस्ता नव्हता, आणि बाहेरून खिडक्या बघत फिरण्याचा मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "मी घेते. अप्पा, मला महिन्याभरात शिकवा." ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांच्याकडं काहीतरी परत मागितलं होतं.

त्या मे महिन्यात, घर मरून कापडानं भरलेलं असताना, अप्पांनी मला सुई धरायला शिकवलं. धावदोरा, टीप, तुरपाई, काज. ते रागावलेले होते, त्यामुळं फार थोडं बोलायचे. माझं काम हातात घ्यायचे, उजेडाकडं धरायचे, आणि परत द्यायचे, "उसव." मी उसवायची. पुन्हा करायची. "उसव." एकदाही त्यांनी माझ्या हातातली सुई घेऊन स्वतः टाका घातला नाही. मी चिडून म्हटलं, "एकदा करून तरी दाखवा!" ते म्हणाले, "मी केलेलं मला येतं. तुझं तू कर." बी.एड.च्या सगळ्या वह्यांत मला हे कुणी लिहून दिलं नव्हतं. बोटांना भोकं पडली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात माझं पहिलं काज त्यांनी "उसव" न म्हणता बाजूला ठेवलं.

शाळेत हजेरीपटावर माझ्या नावापुढं 'क्राफ्ट' लिहिलेलं होतं. तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली, दोन मोडकी मशिनं, आणि मुली ज्याला विश्रांतीचा तास समजतात तो तास. मी त्यांना तुरपाई द्यायची आणि हात चालू असताना गोष्टी सांगायची, कापूस कुठून आला, नीळ कुणी पिकवली, माग का बंद पडले. ते एक बरं होतं. घरी मात्र डोक्याला ताप. अप्पा त्या जूनमध्ये युनिफॉर्म पोचवायला एकदाही शाळेत आले नाहीत, कारागिराला पाठवायचे. आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, पुन्हा ती टेप छातीभोवती घालून, सांगायचे, "आमची सुनंदा हायस्कुलात हिस्टरी टीचर आहे." मी आतून ओरडायची, "अप्पा, शिवण! शिवण शिकवते मी!" ते ऐकू न आल्यासारखं करायचे. गिऱ्हाईक गोंधळायचं. एकदा त्या शाळेचेच पीटी मास्तर दुकानात होते आणि अप्पांनी त्यांनाही तेच सांगितलं. मास्तर माझ्याकडं बघून हसले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे मला "हिस्टरी मिस" म्हणायला लागले, चेष्टेनं. मी घरी येऊन अप्पांशी आठ दिवस बोलले नाही. त्यांना त्याचंही काही वाटलं नाही. आठही दिवस त्यांचं ते वाक्य चालूच होतं.

जानेवारीत ते फर्स्ट क्लासवाले गृहस्थ सरकारी नोकरी लागून एका आठवड्यात निघून गेले. दहावीचा अभ्यासक्रम निम्मा बाकी, परीक्षा तोंडावर. हेडमास्तरांनी मला बोलावलं आणि विचारलं, "तुमचा बी.एड.चा विषय कुठला हो, मिस?" कोटाचं माप देताना अप्पांना शब्द देणारे ते हेच! म्हटलं, "इतिहास, सर." "हो का? आधी नाही का सांगायचं? उद्यापासून दहावी अ आणि ब घ्या. शिवणही चालू ठेवा." झालं. इतकी वर्षं, इतक्या रांगा, इतके रकाने, आणि जागा मिळाली ती अशी, उभ्या उभ्या.

मी घरी जवळजवळ पळतच आले. अप्पा एका कॉलरला टीप घालत होते. मी दारातूनच म्हटलं, "अप्पा, मला इतिहास मिळाला. दहावीला. उद्यापासून." त्यांनी मशिन थांबवलं नाही. टीप शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, कॉलर उलटी करून बघितली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यात नवीन काय? मी तर जूनपासून सगळ्यांना तेच सांगतोय." मला त्यांचा इतका राग आला, की मी तशीच आत गेले आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.